पावणं कुणाच्या दारात?

टॅलिस्मन या पटावरच्या खेळाच्या एका पुरवणीची ही गोष्ट. मूळ खेळ आमच्या घरात आला तो पुराबरोबर. जुलै २०२१. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि त्या रात्री बहिणीचं बिऱ्हाड नदीकडच्या पेठेतून आमच्याकडं, राजारामपुरीत, आलं. दोन बॅगा, कागदपत्रांची पिशवी, देव्हाऱ्यातले देव आणि भाच्याच्या काखेत एक जाडजूड चौकोनी खोकं. "पोरा, अंथरूण इसरलास आणि हे घिऊन आलास व्हय?" आई म्हणाली. पुढचा आठवडा त्याच खोक्यानं तारला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, माझा गोकुळ शिरगावचा कारखाना बंद, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळ कोरडे. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. आम्ही सतरंजीवर पट मांडून बसलेलो.

टॅलिस्मन म्हणजे ताईत. रॉबर्ट हॅरिस यांनी रचलेला, गेम्स वर्कशॉपनं १९८३ मध्ये इंग्लंडात काढलेला. आमच्याकडची आवृत्ती चौथी, सुधारलेली, २००८ ची, फँटसी फ्लाइट या अमेरिकी कंपनीची. पट म्हणजे एकात एक तीन चौकोन. बाहेरच्यात २४ घरं, मधल्यात १६, आतल्यात ८ आणि मधोमध राजमुकुटाचं एक. एकूण ४९. मी हिशेब खात्यात असल्यामुळं माझी सुरुवात मोजण्यापासूनच होते. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासा टाकायचा, डावीकडं की उजवीकडं जायचं ते आपण ठरवायचं, ज्या घरात पडू तिथला पत्ता उचलायचा. कधी वैरी निघतो, कधी वस्तू, कधी सोबती. वैरी मारून बळ वाढवायचं, नदी ओलांडायची, ताईत मिळवायचा. ताईताशिवाय शेवटच्या अग्निदरीत पाऊल टाकता येत नाही. मुकुटापाशी जो पोचला तो बाकीच्यांचे जीव एकेक करून काढतो.

भाच्याला सोडून घरात कुणाचं इंग्रजी एवढं सफाईदार नाही, त्यामुळं नावांचं मराठी त्या पुरातच झालं. स्ट्रेंग्थ आणि क्राफ्ट ही दोन मापं आहेत, त्यांचं शक्ती आणि युक्ती आपोआप झालं. मिन्स्ट्रेल म्हणजे शाहीर. त्याच्या वाटेला जनावरं जात नाहीत, हे तर आईला लगेच पटलं. मधल्या चौकोनात एक काळा सरदार उभा असतो, त्याला एक मोहर द्यायची नाहीतर एक जीव घालवायचा. त्याचं नाव पहिल्याच दिवशी टोलनाका पडलं. कोल्हापूरकरांनी खरा टोल घालवला, पण हा काही हटला नाही.

पूर ओसरला, बहीण घर धुवायला गेली, खोकं आमच्याकडंच राहिलं. त्यानंतर दोन वर्षं महिन्यातून एखादा रविवार खेळलो. आणि हळूहळू कंटाळा यायला लागला, हे कबूल करायला पाहिजे. पाच भिडू असले की आपली पाळी यायला इतका वेळ लागायचा की बायको मध्येच कुकर लावून यायची, आणि आल्यावर तिचं काहीच चुकलेलं नसायचं. दुसरा फासा टाकतो तेव्हा आपल्याला काम काय, तर बघत बसणे. शेवट तर भलताच लांबायचा. एक जण मुकुटावर पोचला की प्रत्येक पाळीला फासा टाकणार, चार-पाच-सहा पडले तर बाकी सगळ्यांचा एकेक जीव जाणार, एक-दोन-तीन पडले तर काहीच नाही. म्हणजे निम्म्या वेळा नुसताच फासा. शेजारचे अण्णा एकदा तासभर बघून म्हणाले, "हे म्हंजे सापशिडीच की रं, फकस्त कापडं भारी घातल्यात." मला राग आला, कारण खरं होतं.

तेव्हा पुरवणी, म्हणजे मूळ खेळात घालायचे जादा पत्ते आणि पात्रं, घ्यायचं ठरलं. विस्तार वगैरे शब्द भाचा वापरतो, आमच्या घरात तिला पुरवणीच म्हणतात. वर्तमानपत्राची पुरवणी असते तशी. आणि तिच्यासारखाच धोकाही असतो, की मूळ अंक बारीक आणि पुरवणीत नुसत्या जाहिराती.

कुठली घ्यायची यावर भाच्याचं आणि माझं वाजलं. चौथ्या आवृत्तीच्या पुरवण्या डझनभर निघाल्या. काही मोठ्या, पटाच्या कोपऱ्याला आणखी एक पट जोडणाऱ्या. त्यातल्या तळघराच्या पुरवणीवर, म्हणजे डन्जनवर, भाच्याचा डोळा. पडक्या वाड्याच्या घरातून आत शिरायचं आणि तळाशी अंधाराच्या राजाला हरवायचं. मला हवी होती ती २००८ मध्येच आलेली छोटी, द रीपर. माझं म्हणणं साधं होतं. आमची तक्रार जागा कमी असल्याची नाही, रिकामं बसावं लागतं ही आहे. आणखी जागा वाढवली तर माणसं आणखी पांगतील. शिवाय सतरंजी तेवढीच आहे.

फँटसी फ्लाइटचा आणि गेम्स वर्कशॉपचा करार २०१७ मध्ये संपला, त्यामुळं त्या कंपनीचा नवा माल मिळणं अवघड. पुण्यातल्या एकानं जुनी विकायला काढली होती, २२०० रुपयांना. भाच्याचा मित्र एसटीनं येताना घेऊन आला. उघडून मोजली. साहसाचे ९० पत्ते, मंत्रांचे २६, मांत्रिकाच्या कामगिऱ्यांचे १२, म्हणजे १२८. चार नवी पात्रं. आणि एक काळा झगा घातलेली मूर्ती, हातात लांब दांड्याचं पातं. सगळं बरोबर होतं, फक्त त्या मूर्तीचं पातं मागं वाकलेलं. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, बोटानं सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची, हा उपाय भाच्यानं सांगितला आणि तो लागू पडला. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. "ह्याच्या हातात कोयता कशाला? ऊस तोडतोय व्हय?"

मी बेसावधपणे सांगून टाकलं की हा यम आहे.

आईनं गॅस बंद केला. तिन्हीसांजेला घरात त्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याची मूर्ती तर आणायचीच नाही. २२०० रुपये पाण्यात जातात की काय असं वाटलं. तोडगा मुलीनं काढला. "आज्जी, यम नको म्हणू या, पावणं म्हणू या. येतंय, बसतंय, कधी चहा पिऊन जातंय, कधी काय घिऊन जातंय." पाहुण्याला नाही म्हणायची आईची टाप नाही. मूर्ती पटावर आली.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस पत्ते मराठी करण्यात गेले. आमच्या घरात पट मांडला की शेजारी भडंगाचं ताट येतं, आणि भडंगाचा तेलकट पिवळा हात एकदा पत्त्याला लागला की तो पत्ता गड्डीत पाठीवरून ओळखू येतो. म्हणून प्रत्येक पत्ता पारदर्शक पाकिटात, आणि पाकिटात पुढच्या बाजूला मराठी मजकुराची चिठ्ठी. भाचा सांगायचा, मी लिहायचो, मुलगी कापायची. हे काम मी कारखान्याच्या जमाखर्चापेक्षा मन लावून केलं. चार नवी पात्रं: नाइटचा सरदार झाला, सेजचे शास्त्रीबुवा, मर्चंटचा गुजरीतला शेठ आणि डार्क कल्टिस्टचा अघोरी. ताईत हा शब्द तर पहिल्यापासूनच आयता हाताशी होता. चिठ्ठ्या लिहिताना एक फायदा झाला, सगळे नियम पाठ झाले. तोटा असा की पहिल्या डावात मला एकाही पत्त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

पावण्याचा नियम दोन ओळींचा आहे. चालीसाठी फासा टाकताना एकाचं दान पडलं, की आपली पाळी संपवायची आणि मग पावण्यासाठी फासा टाकायचा. जेवढं पडेल तेवढी घरं त्याला हलवायचं, कुठल्या दिशेनं ते हलवणारा ठरवतो. ते ज्याच्या घरात जाऊन थांबेल त्यानं फासा टाकायचा. आणि त्या फाशावर एक पडला तर तो भिडू जागच्या जागी खलास. किती शक्ती कमावली, किती जीव शिल्लक आहेत, कशाचा उपयोग नाही. नवं पात्र घ्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. सोनं, वस्तू, सोबती त्या घरातच पडून राहतात, जो पहिला पोचेल त्याचे.

पहिला डाव जूनमधल्या रविवारी. पाच भिडू: आई, बायको, मुलगी, भाचा, मी. पहिला तासभर पावणं इकडून तिकडं फिरलं, कुणाला लागलं नाही. मग बायकोनं, जिनं दोन वर्षांत कधी खेळाकडं धड बघितलं नव्हतं, तिनं राक्षस घेऊन डाव उचलला. हा राक्षस सहा पडले की चालण्याऐवजी जागेवर एक जीव भरून काढतो. तीन सोबती, दोन तलवारी, शक्ती दहावर. आता पुलावरच्या राखणदाराची नऊ शक्ती तिला काहीच नव्हती. आणि आईला एकाचं दान पडलं. पावण्यासाठी टाकले तर तीन. एका बाजूला तीन घरांवर सून, दुसऱ्या बाजूला तीन घरांवर नात.

आईनं चष्मा पुसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं मूर्ती उचलली आणि एकेक घर मोजत सुनेच्या दारात नेऊन ठेवली. "पोरगी ल्हान हाय," एवढंच म्हणाली. बायकोनं फासा टाकला. एक. नशिबाच्या चकत्या (एक दिली की स्वतःचा फासा पुन्हा टाकता येतो) तिनं आधीच गावात आणि खानावळीत उडवल्या होत्या.

त्या रात्री जेवताना दोघी हसत होत्या, पण भाकरी जरा करपली होती हे मी नोंदवून ठेवतो.

डावाचा निकाल काय लागला ते मला आता आठवत नाही. आठवतंय ते हे, की कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी कुणी उठलं नाही. दुसऱ्याच्या फाशाकडं पाचही जण बघत होते. मी नंतर हिशेब केला. एकदा फासा टाकला तर एक पडायची शक्यता सहात एक, पण पाच जणांची एक फेरी धरली तर कुणाला ना कुणाला एक पडायची शक्यता शंभरात साठ. म्हणजे दहातल्या सहा फेऱ्यांत पावणं हलणार. आणि ते कुणाकडं येईल हे त्यातल्या कुणाच्या तरी मनावर. पूर्वी माझ्या पाळीशिवाय माझं काही बिघडत नव्हतं, आता शेजाऱ्याच्या पाळीत बिघडतं. सतरंजीवर रिकामं बसणं त्या दोन ओळींनी संपवलं. माझ्या मते २२०० पैकी २००० रुपये त्या एका मूर्तीचे आहेत.

दुसरा फरक नशिबाच्या चकत्यांचा. मूळ खेळात त्या आम्ही किरकोळ कामाला उडवायचो. आता चाल टाकताना एक पडला की विचार सुरू होतो: चकती देऊन फासा बदलू, की पावणं हलवून कुणाचा तरी काटा काढू? आणि चकती दिली, तर उद्या माझ्याच दारात पावणं आलं म्हणजे काय करू? पुढं असलेला माणूस चकत्या जपतो, मागं असलेला एकाची वाट बघतो. पूर्वी मागं पडलेला माणूस फक्त उपाशी असायचा, आता धोकादायकही झाला.

मांत्रिकाच्या कामगिऱ्याही मला आवडल्या. मूळ खेळात मांत्रिकाच्या गुहेत फासा टाकून सहातलं एक काम मिळायचं, तीच तीच कामं. आता १२ पत्ते आहेत. काम पुरं केलं की ताईत. फार मोठी गोष्ट नाही, पण चिडचिड कमी झाली.

आता न आवडलेलं. मूळ गड्डी १०४ पत्त्यांची. तिच्यात हे ९० घातले की १९४ ची वीट होते. पिसायला दोन माणसं लागतात. आणि गड्डी जाड झाली की तिचा तोल जातो. मूळ पत्ते रचणाऱ्यानं किती वैरी, किती वस्तू, किती ताईत याचं काहीतरी माप धरलेलं असणार, ते पातळ होतं. ताकात पाणी घातल्यासारखं. आमचा तिसरा डाव सकाळी दहाला सुरू झाला आणि मध्ये जेवण धरून पाच तास चालला, कारण कुणाला गड्डीतून ताईत म्हणून सापडला नाही आणि मांत्रिकाकडं जायच्या आधी पावण्यानं दोनदा माणसं नेली. चौथ्या तासाला अण्णा येऊन गेले. ते तरुणपणी तालमीत घुमलेले. "कुस्ती निकाली पायजे," म्हणाले. "ही बरोबरीत सोडा आणि जेवा."

त्या दिवशी भाच्यानं अघोरी घेतला होता. प्रत्येक वैरी मारल्यावर फासा टाकून त्याला वर काहीतरी बक्षीस मिळतं. आधीच जिंकलेल्याला पुन्हा बोनस. कारखान्यात असं फक्त वरच्या मजल्यावर होतं. त्याच्याबरोबर मूळ खेळातला एखादा मारेकरी किंवा पुजारी बसवला तर बिचारा हात चोळत राहतो. अघोरी आम्ही खोक्यात परत ठेवला आहे. भाचा सोडून सगळ्यांचं मत पडलं.

मग मी गड्डी निवडायला बसलो. तांदूळ निवडतात तसं. नव्या ९० मधले साधारण निम्मे ठेवले: ज्यांच्यामुळं दोन भिडूंचा एकमेकांशी संबंध येतो ते पत्ते आत, आणि नुसता आणखी एक शक्तीचा वैरी आहे ते बाहेर, कारण तसले अस्वल, लांडगे, राक्षस मूळ गड्डीत भरपूर आहेत. भाचा खवळला. "मामा, पत्ते काढून टाकायचे होते तर पैसे दिऊन घेतले कशाला?" त्याचं मत असं की गोंधळ हाच या खेळाचा जीव आहे. कुठून काय उगवेल हे कळू नये, म्हणून गड्डी जेवढी जाड तेवढी बरी. त्याच्या वयाला ते शोभतं. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी आठची बस पकडायची नसते.

बायकोचं मत तिसरंच. तिला ना गड्डीचं देणं ना अघोऱ्याचं. ती म्हणते, पावणं सुरुवातीपासून फिरायला लागतं ते चूक आहे. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला उचलून नेण्यात काय मजा? मेला तरी दोन मिनिटांत नवं पात्र घेऊन तिथंच उभा. तिच्या सांगण्यावरून आम्ही घरचा नियम केला, की कुणाची तरी शक्ती किंवा युक्ती सातला पोचेपर्यंत मूर्ती पटाबाहेर, भडंगाच्या ताटाशेजारी. हा नियम पुस्तिकेत नाही, पण पाचव्या डावापासून त्याच्याशिवाय खेळावंसं वाटलेलं नाही. शिवाय यात ती स्वतःचा जुना हिशेबही चुकता करते. सात कधी होतात यावर तिचं बारीक लक्ष असतं, विशेषतः आईच्या.

मुलीला आवडतं ते मेलेल्याचं सामान गोळा करणं. तिला जिंकायचं नसतंच. कुणी गेलं की ती सगळी कामं सोडून त्या घराकडं निघते. "मी जातो तिकडं, तलवार आणतो." मध्यंतरी शहरातल्या चेटकिणीनं तिचं बेडूक केलं. बेडकाला फासा नाही, पाळीला एकच घर सरकायचं, असं तीन पाळ्या. तरी ती टुणटुण करत एका मेलेल्या सरदाराच्या सामानाकडं निघालेली. बेडकाला काही उचलता येत नाही हे पोचल्यावर कळलं. बाहेर पाऊस, गटारीत खरे बेडूक ओरडत होते, आणि ही घरात रुसून बसलेली.

यंदा जुलैच्या अखेरीला पाणी पुन्हा चढायला लागलं. सकाळी राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले याची मोजदाद, दुपारी बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी. बहिणीनं २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितलेले, ती धोक्याच्या पातळीची वाट बघत नाही. बॅगा घेऊन चारलाच दारात. चहा झाला, आणि पट मांडला. ती पुरवणी आल्यापासून पहिल्यांदाच खेळत होती. पावण्याचा नियम तिला मुलीनं समजावला, घरच्या दुरुस्तीसकट.

सातच्या सुमाराला आईला एक पडला. पावण्यासाठी टाकले, चार. मोजून बघितलं तर एकीकडं चार घरांवर बहीण, दुसरीकडं चार घरांवर मी. माझा शाहीर त्या दिवशी जोरात होता. युक्ती नऊ, एक ताईत, मंत्राचे दोन पत्ते.

"पाहुणी आल्याय घरात," आई बहिणीकडं बघत म्हणाली. "तिच्या दारात आनि पावणं कशाला धाडू?"

मूर्ती माझ्याकडं वळली. नशिबाची माझी शेवटची चकती मी अर्ध्या तासापूर्वी खानावळीत घालवली होती, नदीपलीकडं नेणारा नावाडी मिळावा म्हणून. मी फासा उचलला. मुलीनं भडंगाचा हात परकराला पुसला आणि माझ्या वस्तू मोजायला सुरुवात केली.